डॉर्सम

बांबोळीला पहिल्या वर्षी
कुलासो मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला
आणि खडूची बोटं एप्रनला पुसत म्हणाल्या,
पाठ म्हणा हवं तर. पण लक्षात ठेवा,
हातालाही ती आहे, पावलालाही,
जिभेलासुद्धा.

मागे कुणीतरी खुसखुसलं.
मी वहीत उतरवून घेतलं :
हाताची पाठ, म्हणजे मळहात.
पावलाची पाठ, जिथे चपलेचा पट्टा फिकट रेघ सोडतो.
जिभेची, जी आरशात दिसते.
मला काही ते पटेना.
जे सरळ समोर दिसतं त्याला पाठ कशी म्हणायची?
तरी परीक्षेपुरती पाठ केली.

मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
इनासिनबाईनं टोपलीतला बांगडा उचलला,
निळ्याकाळ्या रेघांवरून अंगठा फिरवला.
"फाट पळय, कशी चकचकता."
मासा तिच्या हातात आडवा,
पाठ आभाळाकडे, पोट पांढरं खाली.
तेव्हा सुचलं ते मी घरी येऊन करून पाहिलं :
दार लावून ओणवी झाले, चार पायांवर,
गुरासारखी.
मळहात वर. मान खाली. जीभ जिथे असायची तिथे.
हे सगळं एका बाजूला, जिथे ऊन पडतं.
आपण मध्येच कधीतरी उठून उभे राहिलो,
आणि शब्द उठलाच नाही.

बाबा पाडेली. कोरगावचे निम्मे माड त्यांचे,
म्हणजे चढायला; मालक दुसरेच.
पावलांत काथ्याचं कडं अडकवून चढायचे,
त्या कड्यानं दोन्ही पावलांच्या पाठीवर
करड्या घट्ट्यांची वळी उठली होती.
मी खाली, डोक्यावर हात धरून,
पडणारे नारळ मोजायचे.
वर पाहिलं की एक पाठ दिसे,
तळहाताएवढी,
झावळ्यांत शिरून नाहीशी होणारी.
पाठची बहीण विचारायची, बाबा कुठे गेले?
मी सांगायचे, आहेत. नारळ पडतोय ना.

यंदा ताप आला, आठ दिवस उतरेना,
आणि ते माझ्याच वॉर्डात आले, तेरा नंबरच्या खाटेवर.
कोपराशी शीर सापडेना. इतकी वर्षं माड कवटाळून
तिथली कातडी बुंध्यासारखीच झालेली.
मी मळहात थोपटला, एकदा सुई चुकले,
दुसऱ्यांदा लागली.
चार्टवर लिहिलं : कॅन्युला, डावा डॉर्सम.

"कितें बरयलें?"
हाताची पाठ, मी म्हटलं.
बाबा तापातही हसले.
"हाताक फाट? मागीर पोट खंय?"
मी त्यांचा हात उलटा केला.
तळव्यावर रेषा जवळजवळ नव्हत्याच,
ज्योतिषी उपाशी मेला असता.
त्यांनी बराच वेळ त्याकडे पाहिलं.
"खरें. पोट जल्मभर हातारच आशिल्लें."
मग शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही
तेच ऐकवलं, दोनदा,
आणि तो हसला नाही म्हणून रुसून झोपले.

रात्री ड्युटीला सलायन बदललं.
घाम पुसायला त्यांना कुशीवर वळवलं,
सदरा वर सरकवला.
कुठल्याही पेशंटला वळवतात तसं :
एक हात खांद्यावर, एक कमरेवर.
इतक्या जवळून ही पाठ मी कधी पाहिली नव्हती.
मणके मोजता येत होते, मी मोजले नाहीत.
उजव्या फऱ्याखाली एक तीळ होता, मसुराएवढा.
बाबांना तो माहीत असायचं कारण नाही.
आईला असावा; तिला आता विचारता येत नाही.
चार्टमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

मी टॉवेल पिळला
आणि पुन्हा वरून सुरुवात केली.